मागणे, मागणी आणि ‘डिमांड’

‘डिमांड’ हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात आता इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणे कठीण झाले आहे. बाजारात हापूसला डिमांड असते, कामगार संघटना आपल्या डिमांड्स मांडते, बँकेत डिमांड ड्राफ्ट काढला जातो आणि लग्न जुळवताना हलक्या आवाजात विचारले जाते, ‘मुलाकडच्यांची काही डिमांड आहे का?’ एकच शब्द. पण त्यातील काही मागण्या न्याय्य आहेत, काही केवळ व्यवहाराच्या आहेत, तर एक उघड पाप आहे. मग मागणे केव्हा हक्काचे ठरते आणि केव्हा अन्यायाचे? हा प्रश्न केवळ भाषेचा नाही, सदसद्विवेकाचाही आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘देमांदारे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ मागणे असा नव्हताच. ‘एखाद्याच्या हाती सोपविणे’ असा होता. ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘दारे’ म्हणजे देणे. फ्रेंच भाषेत या शब्दाला साध्या विचारण्याचा अर्थ आला; इंग्रजीत मात्र अधिकाराने मागण्याचा. ज्या ‘मांदारे’पासून तो आला, त्यापासूनच ‘मांदातुम’ म्हणजे आज्ञा हा शब्द झाला. पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीला हेच नाव आहे, कारण त्या रात्री प्रभूने प्रीतीची नवी आज्ञा शिष्यांच्या हाती सोपविली.

आपला ‘मागणे’ हा शब्दही काही कमी अर्थपूर्ण नाही. तो संस्कृतातील ‘मार्ग्’ या धातूपासून, प्राकृतातून आला. त्या धातूचा अर्थ शोधणे, माग काढणे. पुढे मराठीने मागण्याच्या अनेक पायऱ्या केल्या. देणाऱ्याच्या दयेवर अवलंबून असते ती याचना. त्याच्या इच्छेचा मान राखते ती विनंती. नियमाच्या चौकटीत केला जातो तो अर्ज. आणि ज्यामागे अधिकार उभा असतो ती मागणी. गंमत अशी की ‘अर्ज’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने एकत्रच मराठीत आले. परंतु आपल्याकडे अर्ज करणाऱ्याला हक्क असतोच, हे मात्र आपण सहज विसरतो.

या शब्दाच्या दोन टोकांच्या अर्थांची गाठ कोयनानगरात पडते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना धरण १९६४ साली पूर्ण झाले. कोयना नदी स्वभावाने पूर्वेकडे वाहते आणि कराडला कृष्णेस मिळते. परंतु शिवसागर जलाशयातील बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरविले जाते व त्यावर वीज निर्माण होते. चार टप्पे आणि पायथ्याचे वीजगृह मिळून या प्रकल्पाची क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. वीज अभियंत्यांच्या भाषेत ‘डिमांड’ म्हणजे त्या क्षणी सर्व ग्राहकांनी मिळून ओढलेली वीज. सायंकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा ही डिमांड चढते. कोळशावरचे बंद केंद्र सुरू व्हायला तास लागतात. पाण्यावरचे संच मात्र काही मिनिटांत चालू होतात. म्हणून अशा वेळी कोयनेकडे धाव घेतली जाते. बटण दाबणारा कोण, त्याची योग्यता काय, असे कोणी विचारीत नाही. बटण दाबणे हीच मागणी आणि ती तत्काळ पुरी होते.

याच धरणासाठी सुमारे शंभर गावांना आपली भूमी सोडावी लागली. त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. सार्वजनिक प्रयोजन ठरले की मालकाच्या संमतीवाचून जमीन घेता येत असे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण पूर्ण झाल्यावर बारा वर्षांनी. त्याआधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, भूकंपाने या खोऱ्यावर आणखी एक घाव घातला होता. धरण पूर्ण होऊन अर्धशतक उलटल्यावरही, २०१८ साली, कोयनेचे प्रकल्पग्रस्त आपल्या प्रलंबित मागण्यांसाठी कोयनानगरात ठिय्या देऊन बसले होते. बटणाची डिमांड क्षणात पुरी व्हावी आणि भूमी देणाऱ्याची मागणी नातवाच्या पिढीपर्यंत पोहोचावी, ही विसंगती कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील.

येथे जुन्या करारातील नाबोथ आठवतो. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला, तोही सभ्यपणे. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला आणि त्याचा जीव गेला. बलवानाची विनंती ही अनेकदा विनंती नसतेच, हे त्या कथेचे मर्म. अर्थात धरण बांधणारे अहाब नव्हते. कोयनेने महाराष्ट्राचे कारखाने चालविले, घरे उजळली. ते प्रयोजन खरोखर सार्वजनिक होते. पण प्रयोजन चांगले होते म्हणून ऋण फिटत नाही. उलट, लाभ जितका मोठा तितके ऋणही मोठे.

शब्दाचे मूळ येथेच उपयोगी पडते. डिमांड ड्राफ्टचे पैसे बँक मागताक्षणी देते, कारण ते आधीच तिच्या हाती सोपविलेले असतात. कामगाराला मजुरी मागता येते, कारण त्याने आपले श्रम आधीच सोपविलेले असतात. विस्थापिताला जमीन मागता येते, कारण त्याने आपली जमीन समाजाच्या हाती दिलेली असते. ज्याने आधी सोपविले, त्याची मागणी न्याय्य. हुंडा मागणाऱ्याने काय सोपविले आहे? काहीच नाही, उलट, वधूपिता आपली लेक त्याच्या घरी सोपवीत आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने नुसती मागणी हादेखील गुन्हा ठरविला आहे. मागणीला ‘डिमांड’ म्हटल्याने ती सभ्य होत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याचे त्याला देण्याच्या स्थिर इच्छेला न्याय म्हटले. महान संत ग्रेगरी यांनी धर्मपालांना शिकविले की गरिबाला त्याच्या गरजेचे देताना आपण आपले दान करीत नसतो, त्याचेच त्याला परत करीत असतो. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात बजावले की न्यायाने जे देणे आहे ते दयेची देणगी म्हणून देऊ नये. ही कसोटी सरकारपुरती ठेवून आपल्याला सुटता येणार नाही. घरकाम करणारी बाई महिना भरल्यावर पगार मागते, तेव्हा तिला तो याचनेच्या स्वरात मागावा लागतो काय? म्हातारे वडील औषधाचे पैसे मागताना मुलाचा चेहरा न्याहाळतात काय? आम्हा धर्मगुरूंनाही यातून सूट नाही. योग्य वेळी, योग्य तयारीने संस्कार मागणाऱ्यास, नियमाने मनाई नसल्यास, ते नाकारता येत नाहीत, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ८४३ वे कलम सांगते. धर्मग्रामाच्या कार्यालयात येणारा भाविक उपकार मागायला आलेला नसतो.

मग परमेश्वराकडे आपण मागतो ते काय? त्याच्या हाती आपण सोपवावे असे आपले काहीच नाही. जे आहे ते त्यानेच आपल्या हाती सोपविले आहे. म्हणून तेथे मागणी चालत नाही. चालते ती प्रार्थना. मात्र प्रभू येशूने प्रार्थनेसाठी दाखला दिला तो संत लूकच्या शुभवर्तमानातील त्या विधवेचा, जी अन्यायी न्यायाधीशाच्या दारी न थकता न्यायच मागत राहिली. तिच्या मागण्यात लाचारी नव्हती. परमेश्वराला तिची चिकाटी आवडते, हे ओळखले म्हणजे न्यायासाठी वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्या माणसांना आपण हट्टी म्हणणार नाही.

आणि आपल्याकडून मागण्याचा खरा अधिकार आहे तो परमेश्वराला. ज्याच्याजवळ अधिक सोपविले, त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, असे प्रभूनेच सांगितले आहे. आपल्या घरातील उजेड हादेखील कोणीतरी आपले घर सोडून आपल्या हाती सोपविलेला आहे. त्या दिवशी तो हिशेब मागितला जाईल, तेव्हा अर्ज प्रलंबित ठेवण्याची सोय आपल्याला नसेल.