रस्ता आणि उंबरठा

मित्रहो, प्रश्न रस्त्याचा राहिलेला नाही. रस्ता आता आपला आहे. डांबराला जात कळत नाही, खड्ड्याला तर त्याहून नाही. प्रश्न आहे थांबण्याचा. गाडी पळते तोवर माणूस नुसता माणूस असतो, डोक्यावर हेल्मेट, अंगावर धूळ, कुणाचा कोण ते कुणाला ठाऊक नाही. स्टँड लावला, हेल्मेट काढलं, पाणी मागितलं, की सुरू. कुठले? आडनाव काय? कुणातले?

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधायचा, हे माझं काम. तत्त्वज्ञान मी शिफ्ट सुटल्यावर, मिळतील त्या पुस्तकांतून, मास्तराशिवाय वाचलेलं. त्यामुळे ही मांडणी पंडितांना कच्ची वाटली तर खुशाल वाटो. शेजारच्या फ्रेमवर माझा दोस्त आहे. तो मराठा, मी बौद्ध. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही त्याच्या जुन्या स्प्लेंडरवर इचलकरंजीतनं निघालो आणि कराड, पुणे, नगर, वेरूळ करत चाळीसगाव गाठलं. जाऊन येऊन हजारावर किलोमीटर. खात्यातल्या लोकांनी विचारलं, काम काय काढलंय? काम काही नाही म्हटल्यावर हसले. पेट्रोल जास्त झालंय होय रं?

हसू दे. पण विचार करा. आपले आजे-पणजे काय थोडे चालले? गावाचा सांगावा, सरकारी टपाल, साहेबाचं ओझं, मेलेल्याची खबर, सगळं त्यांच्याच पायांनी पोचवलं. त्यातला एकही पल्ला त्यांच्या मर्जीचा नव्हता. दुसऱ्यानं हाकललं म्हणून ते चालले. आजही नगरच्या रस्त्याला दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून ऊसतोड कामगार कारखान्यांकडं निघालेले दिसतात. पोरं, शेरडं, चुलीची भांडी, वर बांधलेलं ताडपत्रीचं भेंडोळं. तोही प्रवासच, पण उचल घेतलेल्या माणसाचा. अशा रस्त्यावर आपण दोघं काही काम नसताना चाललोय, वाटलं तिथं वळतोय, याला मी चैन म्हणणार नाही. आपल्या घराण्यात स्वतःच्या मर्जीनं वाट धरणारा मी कदाचित पहिलाच असेन.

दोस्ताला वेरूळची लेणी बघायची होती. मला तीन जागा बघायच्या होत्या. त्या बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींतल्या.

पहिली मसूर. कराडच्या पुढचं साधं रेल्वे स्टेशन. 1901 साली नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब, भाऊ आणि भाचरांबरोबर, साताऱ्याहून वडिलांकडं गोरेगावला जायला निघाले आणि इथं उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. पोरांचे कपडे नीटनेटके, स्टेशनमास्तर आपुलकीनं बोलला. जात कळली तसा बाजूला सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण अट अशी की पोरांनी बैल हाकायचे आणि तो पायी चालणार. जवळ जेवण होतं, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर त्या पोरानं पाणी मागितलं, मुसलमान आहोत असं सांगून. तरी मिळालं नाही. रात्र तहानेत गेली.

आम्ही मसूरला जाऊन पुन्हा हमरस्त्याला लागलो. दुचाकीला टोल नाही, नाक्याच्या कडेची चिंचोळी पट्टी असते, तिच्यातनं सुटायचं. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. दोस्त म्हणाला, बघ, एवढं तरी बदललंय का नाही? बदललंय, मी नाही कुठं म्हणतोय. पण आम्ही नाक्यावर पाणी कुठं मागितलं होतं?

दुसरी जागा दौलताबाद. 1934 साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह किल्ला बघायला आले. प्रवासाची धूळ अंगावर होती, दाराशी पाण्यानं भरलेला हौद होता, काहींनी हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी आत सोडलं, पण सोबत हत्यारी शिपाई देऊन, कशासाठी, तर किल्ल्यात कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून. ओरडणारे मुसलमान होते. म्हणजे हा रोग एका धर्माच्या हद्दीत राहिला नाही. परदेशातनं शिकून आल्यावर बडोद्यात पारशी नाव लावून ते पारशांच्या सराईत राहिले, तिथनंही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलंच.

तिसरी जागा चाळीसगाव. 1929 साली तिथल्या महारवाड्यातली माणसं त्यांना न्यायला स्टेशनवर आली. टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नाही. टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. हाकायला जो बसला त्याला ते काम येत नव्हतं. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. लोक याला अपघात म्हणतील. मी गिरणीतला माणूस, मला यात अपघात दिसत नाही. कसबी हात मशीनवरनं काढायचा आणि ज्याला काम येत नाही त्याला तिथं उभा करायचा, मग जे होतं ते झालं. त्या कसबी हाताला आपल्या शेजारी कोण बसतो याचीच लाज वाटली.

कन्नडचा घाट उतरताना हे डोक्यात होतं. घाटात गाडी दोस्तानं चालवली. त्याचा हात माझ्याहून सराईत, म्हणून त्यानं चालवली, दुसरं कारण नाही. वळणावर मागच्यानं पुढच्याबरोबर झुकायचं असतं, उलट झुकला तर दोघंही दरीत. चाळीसगावच्या टांग्यात एवढंच झालं असतं तर पाय शाबूत राहिला असता.

आता या तिन्ही जागा एका ओळीत ठेवा. रस्त्यानं चालू नका असं कुठंच कुणी म्हटलेलं नाही. मसूरला थांबल्यावर त्रास, नाक्यावर थांबल्यावर त्रास, हौदाशी थांबल्यावर, सराईत थांबल्यावर. टांग्याचं दुखणंही वाटेचं नव्हतं, शेजारी बसण्याचं होतं. मग घटनेचं पंधरावं कलम काढून बघा. त्याच्या दुसऱ्या भागात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, हॉटेलं, करमणुकीच्या जागा आहेत, विहिरी, तलाव, स्नानघाट आहेत. रस्तेही आहेत, पण त्या यादीत रस्ता एकटा पडलाय. बाकी बहुतेक सगळ्या थांबायच्या जागा! नुसतं जाऊ दिलं म्हणजे माणूस मोकळा झाला असं होत नाही. जायला तर गाढवालाही कुणी अडवत नाही. जिथं बसता येतं, ओंजळ भरता येते, पाठ टेकता येते, तिथं तो मोकळा. मसुदा समितीच्या अध्यक्षाला हे पुस्तकातनं कळलेलं नव्हतं.

आणि ते कलम चालतं, हेही सांगायला हवं. संभाजीनगरात लॉजवाल्यानं दोघांची आधार कार्डं घेतली, माझं आडनाव वाचलं, वहीत लिहिलं, किल्ली दिली. मनात काय म्हणाला मला ठाऊक नाही, मला त्याच्या मनाशी देणंघेणं नाही. किल्ली मिळाली. कायद्याचं काम तिथं संपलं.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट मात्र मी मुद्दाम मागं ठेवली. ती रात्र लॉजवर काढली नव्हती. नगरकडच्या एका गावात दोस्ताच्या लांबच्या मावशीकडं उतरलो होतो. आता घर म्हणजे काही हॉटेल नव्हे. पंधरावं कलम अंगणापर्यंत येतं आणि जोत्याशी उभं राहतं. आत कुणाला घ्यायचं, कुणाला ताट वाढायचं, हे त्या म्हातारीच्या मनावर. तिनं विचारलं, "तू कुणाचा रे बाबा?" मी तोंड उघडायच्या आत दोस्त म्हणाला, "माझा दोस्त हाय. आपल्यातलाच."

मी म्हणालो, "नाही मावशी. मी बौद्ध." आणि आडनाव सांगितलं.

म्हातारी जरा वेळ गप्प राहिली. चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "बस ना मग, कालवण गार व्हतंय." ताट आलं. दोघांची ताटं सारखीच होती, मी बघितलं. रात्री आमची अंथरुणं पडवीत पडली. ऑक्टोबरचा उकाडा होता, पडवीत झोपण्यात वावगं काही नाही. पण मी जागाच. हे अंथरूण उकाड्यानं बाहेर आलं का माझ्या आडनावानं? कदाचित ती बाई निर्मळ मनाची असेल आणि मी तिच्यावर अन्याय करत असेन. मित्रहो, जातीचं हे काम फार कमी लिहिलं गेलंय. अपमान झाला तर निदान कळतो. इथं तर माया मिळाली तरी ती तपासून घ्यावी लागते, नाणं खोटं आहे का ते बघावं तशी.

सकाळी गाडी काढल्यावर दोस्त बिघडला. "कशाला सांगितलंस? ताटावरनं उठायची पाळी आली असती म्हंजे? तुझ्यासाठीच बोललो न्हवं मी." त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्याचं खोटं आणि टोलनाक्यावरच्या त्या पोराचं खोटं, ही दोन्ही खोटी एका मापाची आहेत काय? माझा लेख एवढ्याच प्रश्नासाठी आहे.

मी म्हणतो, नाहीत. घसा सुकलेलं पोर पाण्यासाठी नाव बदलतं तेव्हा ते खोटं त्याच्या खात्यावर मांडता येत नाही. पाण्यावर जो बसलाय आणि नाव विचारतोय, त्याच्या खात्यावर ते मांडा. सत्य बोला हे शिकवणारे सगळे भरल्या घागरीजवळ बसून शिकवतात. तहानलेल्याला सत्याचा धडा द्यायचा असेल तर आधी पाणी द्या, मग धडा द्या.

पण माझा दोस्त तहानलेला नव्हता. घर त्याचं, मावशी त्याची, ताट त्याला मिळणारच होतं. त्याच्या खोट्यानं तीन माणसांचं नुकसान झालं असतं. माझं नाव त्यानं पुसलं असतं, आणि तेही प्रेमानं, म्हणजे मला भांडताही आलं नसतं. स्वतः तो मावशीला दुखवण्यातनं सुटला असता, आणि दोस्ती फुकटात झाली असती. तिसरी ती म्हातारी. तिनं सारखं ताट वाढलं, हे तिला कधी करायलाच मिळालं नसतं. आपल्यातलाच म्हणून वाढलेल्या ताटात तिचं काय मोठेपण? दोस्तानं गृहीत धरलं की ती वाईटच वागणार. मी खरं नाव सांगितलं तेव्हा तिला निवडायला जागा मिळाली, आणि तिनं निवडलं. पडवीचा हिशेब अजून लागायचाय, पण ताटाचा लागला.

हे मी आपल्या पोरांना नियम म्हणून सांगत नाही. दर दारात नाव सांगाच, असं मी कोण सांगणारा? भाड्याच्या खोलीसाठी, नोकरीसाठी, रात्रीच्या आसऱ्यासाठी ज्यानं आडनाव गिळलं त्याला मी भित्रा म्हणणार नाही. गावात नाव सांगण्याची किंमत काही ठिकाणी अजून रक्तात मोजतात. मला त्या रात्री परवडलं, खिशात लॉजपुरते पैसे होते, दाराशी गाडी होती, टाकीत पेट्रोल होतं. नाही म्हटलं असतं तर किक मारून निघालो असतो. खरं बोलायलाही निघून जायची सोय लागते, हे ओवीसारखं सत्य गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

नियम असलाच तर तो दुसऱ्या बाजूला आहे. जो तहानलेला नाही त्याच्यासाठी. कायदा आपलं काम हॉटेलपर्यंत करील, विहिरीपर्यंत करील, नाही केलं तर आपण भांडून करून घेऊ. उंबरठ्याच्या आत शिपाई जात नाही, जाऊही नये. तिथं दोस्ताची जीभ जायला पाहिजे. आणि तिनं 'आपल्यातलाच' म्हणून जायचं नाही. ज्याचं जे नाव आहे ते घेऊन जावं, आणि मावशीनं तोंड फिरवलं तर त्याच्याबरोबर स्वतःही ताटावरनं उठावं. उलटं झुकून चालत नाही, हे वळणावर त्याला चांगलं कळतं.

परतीच्या वाटेवर पुण्याच्या अलीकडं एका धाब्यावर थांबलो. मालकानं गप्पांत दोस्ताला विचारलं, "हे पाव्हणे कोण?" दोस्तानं माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मग चहा मागवला. एवढंच झालं. क्रांती झाली असं मी म्हणत नाही, पण चहा गरम होता आणि पिताना मी कसलाच हिशेब केला नाही.