वाचकाचा अधिकार

मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला मानली जाते. त्यांनी ‘विवेकसिंधु’त वेदान्त मराठीत आणला तो, परंपरेनुसार, शके १११० मध्ये. त्याच गावच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा, म्हणजे पाच महाभूतांच्या परस्पर मिश्रणाचा, विषय कापडी पासोडीवर लिहून काढला. संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी ही वाट मोकळी झाली, तरी आज त्याच बीड जिल्ह्यातला शिकलासवरलेला वाचकही तिथे अडखळतो. जुनी मराठी त्याला परभाषेसारखीच आहे, म्हणून आपण त्याच्या हाती शब्दकोश देतो. पण पंचीकरणात प्रत्येक महाभूताचा अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा एकेक अष्टमांश असतो, हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला शब्दन् शब्द सांगितला तरी विषय उलगडत नाही. अर्थ लागतो तो भाषा आणि पूर्वज्ञान या दोहोंच्या मेळातून.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हे केव्हाच ओळखले होते. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात व्याकरण निर्दोष आहे; तरी त्यातून बोध होत नाही, कारण त्यात ‘योग्यता’ नाही. अग्नीने शिंपता येत नाही, हे ज्ञान जगाकडून येते. व्याकरण ते देत नाही. हेच पुढे प्रयोगातूनही दिसले. १९७९ साली मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन लग्नांची वर्णने इंग्रजीतून वाचायला दिली, एक भारतीय आणि एक अमेरिकन. आपल्या पद्धतीच्या लग्नाचे वर्णन प्रत्येकाने लवकर वाचले आणि अधिक लक्षात ठेवले. अमेरिकन वधूने आजीचा पोशाख घातला होता. त्यामागची परंपरा माहीत नसल्याने एका भारतीय वाचकाने तो जुनाट, फॅशनबाह्य ठरवला. त्याचे इंग्रजी तिथे कमी पडले नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की पूर्वज्ञान हाच पूर्वग्रह. वाचक स्वतःचेच मत ग्रंथात पाहील. हा धोका खरा आहे. पण कोऱ्या मनाने कोणीच वाचत नाही. आपली समजूत मजकुराशी जुळत नाही हे ध्यानात यायलासुद्धा आधी काही समजूत असावी लागते. ती बदलायची तयारी ठेवणे हे वाचकाचे कर्तव्य आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेदान्तग्रंथ आरंभी ‘अधिकारी’, म्हणजे ग्रंथाला पात्र, कोण ते सांगतात, आणि अधिकाराच्या नावाखाली शूद्रांना आणि स्त्रियांना वेदांपासून दूर ठेवले गेले. तो अन्यायच होता. मात्र तो अन्याय जन्माला अधिकार मानण्याचा होता. पूर्वतयारी जन्माने मिळत नाही. ती देता येते, घेता येते. सप्ताहातला कीर्तनकार अभंगाचे निरूपण करताना कथा, दृष्टान्त आणि सिद्धान्त श्रोत्यांपुढे मांडतो. तेव्हा निरक्षर श्रोताही अधिकारी होतो. म्हणून धर्मग्रंथ सर्वांचे आहेत असे म्हणणाऱ्याने केवळ भाषांतर छापून थांबू नये. ग्रंथ समजायला लागणारे ज्ञान ज्यांना नाकारले गेले, त्यांच्यापर्यंत ते पोचवणे हाही त्या समतेचाच भाग आहे.