‘फाशी गेले’ : व्याकरणातला कर्ता आणि न्यायातला कर्ता

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेले, हे वाक्य सोलापूरच्या इतिहासलेखनात वारंवार येते. हा प्रयोग इतका रुळलेला आहे की त्याची रचना जाणवतही नाही. ‘गेले’ या क्रियापदाचे कर्ते मरणारेच आहेत. मारणाऱ्याला वाक्यात जागा नाही. ‘हुतात्मा’ हा शब्दही आत्माहुती देणाऱ्याविषयी बोलतो, आहुती घेणाऱ्याविषयी नाही. ही रचना बळी ठरलेल्याला कर्तृत्व परत देते, म्हणून गौरवासाठी ती सार्थ आहे. उत्तरदायित्वाचा प्रश्न मात्र तिच्यात मावत नाही.

कायद्यातही अशीच कर्तृलोपाची सोय आढळते. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. दोन पोलिसांच्या हत्येबद्दल चौघांना नावानिशी देहदंड झाला. लष्करी राजवट मात्र ‘परिस्थिती’च्या नावावर जमा झाली. या सोयीचे उघड रूप पंजाबात आधीच दिसले होते. १९१९ मध्ये तेथील अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीचे काम सुरू होण्यापूर्वीच इन्डेम्निटी अॅक्टने अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. ज्या कृत्यासाठी अभयाचा कायदा करावा लागतो, ते निर्दोष असल्याची खात्री खुद्द सत्तेलाही नसते. हा मार्ग साम्राज्याबरोबर संपला नाही. लष्करी कायद्याच्या काळातील कृत्यांना असे संरक्षण देण्याचा अधिकार भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३४ संसदेला देतो.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची कक्षा १ जुलै २००२ नंतरच्या गुन्ह्यांपुरती आहे आणि भारत त्याच्या करारात सहभागी नाही. १९३० चे अधिकारी आता कोणत्याच न्यायासनाच्या आवाक्यात नाहीत. तेव्हा मृतांना शिक्षा देता येत नसेल, तर दोष सांगण्यात काय हशील, असा आक्षेप येईल. परंतु शिक्षा हे उत्तरदायित्वाचे एक फलित आहे, त्याचा आशय नव्हे. कोणी, कोणाच्या आज्ञेने, काय केले, हे पूर्ण वाक्यात सांगणे हा त्याचा आशय. ही कसोटी जमावाच्या हातून मेलेल्या त्या दोन पोलिसांच्या बाबतीतही लावावी लागेल. ‘प्रक्षोभात बळी पडले’ हेही कर्त्यावाचूनचेच वाक्य आहे. आपल्याला प्रिय असलेल्या बाजूचा कर्ता झाकणारे इतिहासलेखन सत्तेच्याच व्याकरणात लिहिले जाते.