नळीच्या दुसऱ्या टोकाला

एक पेन्सिल घ्या आणि स्वस्थ बसा. दोन्ही हातांच्या बोटांत ती आडवी धरून हळूहळू फिरवू लागा. घाई नको आणि थांबणंही नको. काच फुंकायला शिकणाऱ्याच्या हाताला आधी हेच वळण लावावं लागतं. नळीच्या टोकावरची वितळलेली काच काकवीसारखी ओघळू पाहते; नळी फिरती राहिली तरच ती मधोमध टिकते. घाम डोळ्यांत उतरला तरी हात फिरतच राहतात.

आता व्हेनिसजवळचं मुरानो बेट डोळ्यांपुढे आणा. आगीच्या भीतीने व्हेनिसने १२९१ मध्ये शहरातल्या काचभट्ट्या इथे हलवल्या, आणि इथे आजही काच फुंकली जाते. भट्टीचं दार उघडतं. आत साधारण ११०० अंश सेल्सिअस. सुरुवातीला नुसता उजेड दिसतो. नजर सरावली की त्यात काचेचा पृष्ठभाग ओळखू येतो. नळीचं टोक त्यात बुडतं, फिरतं, आणि गोळा घेऊन बाहेर येतं.

गोळा ज्याच्याकडे जातो तो बाकावर बसला आहे. बाकाला दोन बाजूंना आडव्या दांड्या आहेत. त्यांवर नळी ठेवून तो डाव्या हाताने ती पुढे-मागे लोळवतो. उजव्या तळव्यात भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाड घडी आहे. तिच्यावर काच टेकते, वाफ उठते, जळक्या कागदाचा वास सुटतो. काच आणि तळवा यांच्यामध्ये एवढा ओला कागदच. हा माएस्त्रो, म्हणजे उस्ताद. फुंकर मात्र या वेळी त्याची नाही. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून नळीच्या दुसऱ्या टोकाशी कोणीतरी वाकून फुंकतो.

त्या दुसऱ्या माणसाच्या जागी या. श्वास आत घ्या. सोडताना तो आपल्या नव्हे, समोरच्याच्या हाताखाली चालला आहे असं समजा. फुगा कुठे पातळ होतोय, कुठे अजून मऊ आहे, हे त्याच्या तळव्याला कळतं. तो ‘थोडं’ म्हणाला की थोडंच. कित्येकदा तेवढंही बोलणं होत नाही. नुसती मान हलते. छातीत भरपूर हवा असताना थोडीच देणं, आणि तीही दुसऱ्याच्या वेळेवर, हे मला या कलेतलं सगळ्यात अवघड काम वाटतं. दोन-तीन श्वास असेच सोडून पाहा.

मुरानोत या चमूला पियात्सा म्हणतात. माएस्त्रोच्या हाताखाली सेर्वेंते, त्याच्या खाली सेर्वेंतीनो, आणि सगळ्यांत धाकटा गार्झोने. कोणी लाकडी फळी आडवी धरून माएस्त्रोच्या हाताला झळ लागू देत नाही. कोणी पात्राच्या कानासाठी काचेचा तापता लोळ नेमक्या क्षणी आणून देतो. क्षणभर आधी आणला तर जास्तच ओघळतो, उशिरा आणला तर वळत नाही.

अमेरिकेचे काचकलावंत डेल चिहुली यांनी ही रीत १९६८ मध्ये मुरानोच्या वेनिनी कारखान्यात पाहिली. १९७६ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, १९७९ मध्ये खांदा दुखावला, आणि पुढे त्यांनी नळी इतरांच्या हाती दिली. ते चित्रं काढत, चमूला दिशा देत, चमू काच घडवत असे. मग ती काच त्यांची कशी, असं लोक विचारतात. या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. त्याच्याजवळ जरा बसा. मला तरी वाटतं, आपण एकच हात शोधत असतो म्हणून तो प्रश्न पडतो. तळेगावला १९०८ मध्ये उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना तर लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून झाला. तिथल्या काचेवर कोणाचं एकट्याचं नाव घालणार?

आता मुरानोच्या बाकाकडे परत या. फुग्याला पात्राचा आकार आला की त्याच्या तळाला दुसरी, भरीव सळई चिकटवली जाते. मानेवर थेंबभर पाणी पडतं, नळीला हलकी टिचकी बसते, आणि नळी सुटून येते. पात्राला तोंड मिळतं, ते पुन्हा तापवून रुंद करता येतं. फुंकणाऱ्याची हवा त्या क्षणी निघून जाते. तिने दिलेली पोकळी तेवढी उरते.

जाड हातमोजे घातलेला एकजण केव्हाचा हात पुढे करून उभा आहे. त्याच्याही जागी जरा उभे राहा. तुम्ही फुंकलेलं नाही, आकार दिलेला नाही, पण सगळ्यांचं काम आता तुमच्या हातांवर येणार आहे. सळईवर ठोका पडतो, पात्र तुमच्याकडे येतं, आणि चार पावलांवर निववण्याची पेटी असते, सुमारे ५०० अंशांची. बाहेर ठेवलं तर वरची काच आतल्या काचेच्या आधी आकसेल, ताण धरेल, तडकेल. म्हणून पेटीतली उष्णता रात्रभर हळूहळू उतरवतात. काच जाड असेल तर कित्येक दिवस. पेटीचं दार लावून तुम्ही वळता, तोवर गार्झोनेने पुढची नळी तापत ठेवलेली असते आणि माएस्त्रो नवा कागद भिजवत असतो.