दहा पाट्या, एक आचारी

स्टँडवर दहा हॉटेलं आहेत, प्रत्येकाची पाटी निराळी, पण भाजी सगळ्यांची एकाच आचाऱ्याच्या कढईतली. तर गिऱ्हाइकाला निवड आहे असं म्हणायचं का? ब्राउझरांचं सध्या असंच चाललंय. क्रोम घ्या, एज घ्या, ऑपेरा घ्या; आत पान रांधणारं इंजिन एकच, ब्लिंक. तेही वाटणीत निघालेलं. केएचटीएमएलमधून अ‍ॅपलने वेबकिट काढलं, वेबकिटमधून गूगलने 2013 मध्ये ब्लिंक. आपल्याकडे भाऊबंदकीने निदान चुली तरी वाढतात. इथे त्याच वर्षी ऑपेराने आपली प्रेस्टोची चूल विझवली, आणि 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टसारखं गडगंज घरसुद्धा नव्या एजसाठी गूगलच्याच चुलीवर गेलं.

म्हणून मी किन्हीराजात बसून आडवाटेची इंजिनं हुडकत असतो. फायरफॉक्सचं गेको, म्हणजे पाल. पेल मूनचं गोआना, म्हणजे थेट घोरपड! चिकटून राहायचंच ठरवल्यावर नावं तरी दुसरी काय ठेवणार? लेडीबर्ड तर आंद्रेआस क्लिंग नावाच्या प्रोग्रामरच्या हौशी खटाटोपातून निघालं. 2024 मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली.

“काका, क्रोम असतानी हे कायले?” पुतण्या विचारतो. प्रश्न रास्त आहे. परवाच एका कचेरीच्या फॉर्मने माझ्या पालीला दारातूनच हाकललं. उद्या कुणाला तरी पर्याय लागेल म्हणून आज आपण खोळंबायचं, हे कर्तव्य की नुसता हट्ट?

आमच्या वाशीम जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. मधेच एखाद्याने ज्वारी पेरली, की पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. शेजारी हसतात. त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या वाटची पाखरं हाच राखतो ना! पण ज्वारीचं बियाणं मागायला उद्या जायचं कुणाकडे? याच वेड्याकडे. सगळ्यांनीच एक इंजिन धरलं, तर पान कसं दिसावं हे त्याचा मालक ठरवणार, आणि आपण मान डोलावणार.

परवा एका नवख्या इंजिनात मी ‘वऱ्हाड’ लिहून पाहिलं. कोयत्यासारखा तो अर्धा र तुटून भलतीकडेच पडला. साता समुद्रापलीकडच्या प्रोग्रामरला हा र कुणी सांगायचा? जो वापरील त्यानेच. मी चित्र काढून पाठवलं, खाली बाण दाखवून.

कचेरीचा फॉर्म पुतण्याने क्रोममधून भरून दिला. उत्तराची वाट मी अजून बघतोय.