वडिलोपार्जित दुकान आणि वारसाचे स्वातंत्र्य

रस्त्याकडेला किंवा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दुकान वारसाच्या हाती येते तेव्हा त्याच्याकडे नेमके काय येते, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटला तरी मुळात तो धर्मचिंतनाचा आहे. जागा, माल आणि भांडवल ही मालमत्ता झाली. खातेवहीत इतरांच्या नावे लिहिलेले येणे हा इतरांवरचा हक्क झाला. आणि वडिलांनी करून ठेवलेले देणे, गिऱ्हाइकाचा विश्वास व घराण्याचा कुळाचार हे वारसावरचे बंधन झाले. हे तिन्ही एकत्रच स्वीकारावे लागते, की त्यांतील एक सोडून दुसरे राखता येते, याचे उत्तर शोधताना देहूच्या मोरे घराण्याचा, म्हणजे तुकोबांच्या घराण्याचा, इतिहास विशेष उपयोगी पडतो.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार प्रथम स्वामित्वाच्या अंगाने केला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत मुलाला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतःच हक्क मिळतो असे प्रतिपादन आहे, तर बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’नुसार तो हक्क पित्याच्या मृत्यूनंतरच उत्पन्न होतो. महाराष्ट्रात मिताक्षरेचा अधिकार चालत असल्यामुळे येथील वारस हा वडिलांच्या हयातीतच सहभागीदार ठरतो आणि चालू पिढीचा कर्ता हा एकटा मालक न राहता मागच्या व पुढच्या पिढ्यांमधला सांभाळणारा होतो. या हक्काची दुसरी बाजू म्हणजे पित्याचे ऋण फेडण्याचे पुत्राचे कर्तव्य. जुगार, मद्यपान यांसारख्या कारणांनी झालेले कर्ज त्यातून वगळलेले असले, तरी इतर ऋणाची जबाबदारी धार्मिक मानली जात असे, आणि 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीपर्यंत न्यायालयेही तिची दखल घेत होती.

महाभारताने मात्र हाच प्रश्न आचरणाच्या अंगाने मांडला आहे. वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध बाजारात मांस विकतो, आणि कौशिक नावाचा ब्राह्मण त्याबद्दल नाराजी दाखवतो तेव्हा हा धंदा आपल्याकडे बापआजोबांपासून आलेला आहे, तो आपण सचोटीने करतो आणि आईवडिलांची सेवा करतो, असे उत्तर तो देतो. शांतिपर्वातील वाराणसीचा व्यापारी तुलाधार जाजली या तपस्व्याला समत्वाचा उपदेश करतो. त्याचा तराजू सर्वांना सारखाच असतो. या दोन्ही कथांत दुकान हे धर्माच्या आड येत नाही, तर धर्म आचरण्याची जागा ठरते. गीतेच्या अठराव्या अध्यायात व्यापार हे वैश्याचे स्वभावजन्य कर्म सांगितले आहे, त्याच्याशी हे जुळते. परंतु वंशपरंपरेने आलेला धंदा आणि वर्णाने नेमलेले कर्म या दोन गोष्टी प्रत्यक्षात एकच नसतात, हे देहूच्या उदाहरणावरून दिसते. तुकोबा आत्मपर अभंगात स्वतःची जात शूद्र सांगतात आणि व्यवसाय वैश्याचा सांगतात. म्हणजे त्यांच्या घरात दुकान आले ते वर्णाच्या विधानातून नव्हे, तर कुळाच्या वहिवाटीतून.

या घराण्यात तीन प्रकारचा वारसा होता. वाणीपणाचा व सावकारीचा धंदा होता. पेठेतील व्यापारावर देखरेख करण्याचे व त्याबद्दल हक्काचे उत्पन्न घेण्याचे वतन, म्हणजे महाजनकी, होती. आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारी व घरचे विठ्ठलमंदिर होते. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्यामुळे धंद्याचा भार तुकोबांवर आला. पुढे 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि मुलगाही दगावला. त्यानंतर त्यांनी घराण्याच्या येण्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा वैराग्याचा आवेश म्हणून केले जाते. परंतु चरित्रकारांनी नोंदवलेला एक तपशील तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. धाकटे बंधू कान्होबा यांच्यासाठी आधी खतांची वाटणी झाली, त्यांचा अर्धा भाग त्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि तुकोबांनी फक्त स्वतःच्या वाट्याची खते बुडवली. सामाईक असलेल्या गोष्टीचा त्याग करण्याचा अधिकार एकट्याला नसतो, तो वाटणीनंतरच प्राप्त होतो, ही शास्त्राची शिस्त येथे वैराग्यानेही पाळलेली दिसते. शिवाय जे बुडवले ते कोणाचे देणे नव्हते, तर दुष्काळाने आधीच मोडलेल्या कुळांवरचा स्वतःचा हक्क होता. वारसाने ऋण नाकारणे आणि येणे सोडणे या दोन कृती बाहेरून सारख्या वाटल्या तरी त्यांचे नैतिक मोल परस्परविरुद्ध आहे, कारण पहिलीत स्वतःचा भार दुसऱ्यावर टाकला जातो, तर दुसरीत दुसऱ्याचा भार उतरवला जातो.

तरीही या त्यागाला एक आक्षेप घेता येतो आणि तो गंभीर आहे. मिताक्षरेच्या काटेकोर अर्थाने वाटणीत आलेला अर्धा भागही वडिलोपार्जितच राहतो आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांचा त्याच्याशी संबंध पोहोचतो. जंगम संपत्तीच्या बाबतीत आवश्यक धर्मकृत्ये, कुटुंबाचे पोषण, आपत्तीचे निवारण अशा कारणांसाठी शास्त्र पित्याला काही मोकळीक देते. पण येथे एका कारणाने दुसऱ्याला छेद दिला, कारण इतरांची आपत्ती निवारताना स्वतःच्या संसाराचे पोषण अडचणीत आले. दुसऱ्या पत्नी जिजाबाई यांची तक्रार केवळ अध्यात्म न कळणाऱ्या बाईची कुरकुर म्हणून बाजूला सारता येत नाही; ती वारशातील दुबळ्या हिस्सेदाराची बाजू आहे, आणि धर्माच्या विचारात तिला स्थान द्यावेच लागते.

ज्या तुकोबांनी खते सोडली त्यांनीच पडझड झालेल्या वडिलोपार्जित मंदिराची दुरुस्ती केली आणि वारी चालू ठेवली. म्हणजे वारशातील हक्क त्यांनी सोडला, पण कर्तव्य सोडले नाही. त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पादुका पालखीत ठेवून सोहळ्याला रूप दिले आणि वारी ही घराण्यापुरती न राहता समाजाची झाली. मात्र कालांतराने देवस्थानाला इनामे मिळाली, पालखीतील मान ठरले, आणि सोडलेल्या हक्कांच्या जागी नवे वंशपरंपरागत हक्क उभे राहिले. एका पिढीचा त्याग पुढच्या पिढीला आयता मिळत नाही; तिच्या हाती येते ती त्या त्यागातून निर्माण झालेली प्रतिष्ठा, आणि तीही मालमत्तेसारखी वाटून घेता येते.

म्हणून धर्मव्याध आणि तुकोबा यांच्यात दुकान चालवणारा व दुकान सोडणारा एवढाच भेद पाहणे अपुरे आहे. दोघांनीही वारशातील मालमत्ता, हक्क आणि बंधन यांची फोड केली व बंधनाला अग्रक्रम दिला. एकाने त्यासाठी धंदा राखला आणि दुसऱ्याने येणे सोडले. वडिलोपार्जित व्यवसायाच्या वारसाचे स्वातंत्र्य तो व्यवसाय चालू ठेवण्यात किंवा बंद करण्यात नसून, कोणता हक्क खरोखर आपला आहे आणि तो सोडल्यास त्याची किंमत कोण मोजणार, हे आधी तपासण्यात आहे. आणि ही तपासणी प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते.