अटकेची नोंद आणि सुटकेची नोंद

माणूस पकडला गेला की दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. घरचे विचारतात, तो कुठे आहे? मोहल्ला विचारतो, त्याने काय केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारने ताबडतोब दिले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार न्यायालयाखेरीज कुणालाही नाही. अटकेची नोंद सर्वांसाठी खुली असावी की झाकलेली असावी, हा वाद करताना आपण या दोन प्रश्नांची गल्लत करतो. मग कुणी म्हणतो, सगळे उघड करा, चोरांची इज्जत कसली? कुणी म्हणतो, सगळे झाका, बदनामी होते. माझ्या मते दोघेही अर्धेच बोलतात.

नोंद खुली का असावी, हे आधी पाहू. ज्या अटकेची नोंद नाही, ती अटक झालीच नाही असे म्हणायला पोलिस मोकळे असतात. मारहाण झाली तरी आणि कोठडीत जीव गेला तरी कागद कोराच राहतो. म्हणूनच सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. तेच पुढे अनुच्छेद २२ झाले. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे ते सरकारला बजावते.

पण संविधानातला शब्द पोलिस ठाण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. अटकेचा पंचनामा जागेवरच लिहायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, नातेवाइकाला कळवायचे, डायरीत नोंद करायची आणि अटकेची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन तिथल्या फलकावर लावायची, असे त्यात सांगितले. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क घालून २०१० पासून हा फलक कायद्याचाच भाग झाला. त्या फलकावर अटक झालेल्याचे नाव व पत्ता लिहायचा होता आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दाही लिहायचा होता.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिच्यातच फलकाचा खरा अर्थ आहे. तो फलक म्हणजे सरकारने जनतेला दिलेली पावती होती. अमुक अधिकाऱ्याने अमुक माणूस आमच्या ताब्यात आणला आहे, त्याच्या जिवाची जबाबदारी आता आमची, अशी ती पावती. तिच्यात हिशेब द्यायचा होता तो पोलिसांनी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलिस ठाण्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी नेमायचा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती त्याने ठेवायची, आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल पद्धतीनेही दाखवता येईल. पोलिस ठाण्यापर्यंत ही सोय आली, हे चांगलेच झाले. पण अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फलकावर लावण्याचा उल्लेख या नव्या कलमात उरलेला नाही. माणसाचे नाव राहिले, गुन्हा त्याच्या नावापुढे आला आणि पकडणारा फलकावरून उतरला. जी पावती सरकारची होती ती हळूहळू आरोपीची पाटी होऊ लागली आहे. आपल्या चर्चेत हा मुद्दा येत नाही, तो यायला हवा.

घरच्यांच्या हातात आज काय काय आहे, तेही सांगितले पाहिजे, कारण अशा वेळी आमच्या वस्त्यांतल्या आया-बहिणी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरत राहतात आणि माहिती विकणारे दलाल त्यांना बरोबर गाठतात. अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबर अहवाल, म्हणजे ज्याला आपण एफआयआर म्हणतो तो, चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा असतो. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी नाजूक प्रकरणे त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, पोलिस ठाणे आणि तारीख भरून हे अहवाल पाहता येतात, अटक झालेल्यांची यादीही तिथे असते. खटला पुढे कुठे पोचला हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या सोळा अक्षरी क्रमांकाने कळते. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एक तरतूद आहे. माहिती माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. हे प्रत्येक मोहल्ल्यात कुणा एकाला तरी माहीत असायला हवे. यासाठी वकील असण्याची गरज नाही, अर्ज लिहिता आला की पुरे.

आता दुसरी बाजू. नोंद आईला दिसते तशीच शेजाऱ्यालाही दिसते, मालकाला दिसते, सोयरिकीला आलेल्यांनाही दिसते. आणि अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हे पुस्तकातले वाक्य वाचताना त्यांच्यापैकी फार थोड्यांना आठवते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. शंभरात पंचाहत्तर माणसे निकालाआधीच आत बसलेली असतील, तर तुरुंगाच्या यादीत नाव असणे हा कशाचा पुरावा?

मालेगाव आपण विसरू शकत नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर तिथे स्फोट झाले. त्या प्रकरणात नऊ मुस्लिम आरोपी म्हणून पकडले गेले. त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळायला २०११ चा नोव्हेंबर उजाडला, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. नवांपैकी एक तो दिवस पाहायला हयात नव्हता. गुजरातेतील अक्षरधाम मंदिरावर २००२ मध्ये हल्ला झाला. त्या खटल्यातील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी निर्दोष ठरवले, त्यांत फाशीची शिक्षा झालेलेही होते. अशा माणसांच्या अटकेची बातमी देशभर पोचली. सुटकेची बातमी तेवढ्या घरांत पोचली का, याचे उत्तर वाचकांनी स्वतःच्या आठवणीला विचारून पाहावे.

शिवाय नावाने शोधणे हेच मुळी फसवे आहे. उर्दू शाळेचा कुठलाही हजेरीपट उघडा. एकाच वर्गात दोन-तीन मोहम्मद, तितक्याच फातिमा आणि आडनावाच्या जागी शेख, खान, अन्सारी, सय्यद. उर्दूतले नाव मराठीत एक होते, इंग्रजीत दुसरे होते, आधारकार्डावर तिसरे. दाखला देताना आम्ही जन्मतारीख, आईचे नाव आणि जनरल रजिस्टरचा नंबर ताडून पाहतो, तरी चुका राहतात. मग पोलिसांच्या यादीत एक नाव पाहून ‘हाच तो’ म्हणणाऱ्याने कशाच्या आधारावर म्हटले? नाव ही ओळखीची सुरुवात असते, ओळख नसते.

अमेरिकेत ही गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे अनेक काउंट्यांचे शेरीफ तुरुंगात आणलेल्यांची यादी छायाचित्रासह संकेतस्थळावर ठेवतात. हेतू उघडपणाचाच. पण खासगी धंदेवाल्यांनी ती छायाचित्रे उचलून आपल्या संकेतस्थळांवर लावली आणि काढायची असतील तर पैसे टाका म्हणू लागले. खटला रद्द झालेल्यालाही पैसे मोजावे लागत. २०१३ पासून तिथल्या काही राज्यांना याविरुद्ध कायदे करावे लागले. उघड नोंद कुणाच्या हाती जाते आणि ती कशासाठी वापरली जाते, याचा विचार न केल्यास पावतीचा बाजार होतो, तो असा.

आपला दीन या बाबतीत काय शिकवतो? सूरे हुजुरातने बदगुमानी आणि तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याची गुपिते हुंगत फिरणे, दोन्ही मना केले आहे. हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. रात्री गस्तीवर असताना संशय आला म्हणून ते भिंत ओलांडून एका घरात उतरले. आतल्या माणसाने कबूल केले की त्याचा एक गुनाह होता, पण खलिफांचे तीन झाले. त्यांनी टेहळणी केली, दरवाजा सोडून भिंतीवरून आले आणि सलाम न करता घरात शिरले. खलिफांनी ते ऐकून घेतले. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याचाही हिशेब मागता येतो, हे त्या माणसाला ठाऊक होते.

सूरे निसातला प्रसंग तर आपण आजच्या दिवसांत पुन्हा पुन्हा सांगायला हवा. तफसीरकारांनी लिहिले आहे की मदिनेत एका मुसलमानाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर ढकलला. कबिल्याचे लोक आपल्या माणसाची रदबदली करायला आले. तेव्हा वही उतरली ती यहुद्याला निर्दोष ठरवणारी. म्हणजे खोट्या आळापासून माणसाला वाचवताना तो आपला की परका हे पाहायचे नाही. आपल्या मुलांवरच्या अन्यायाबद्दल बोलणाऱ्या आपण, शेजारच्या बिगरमुस्लिम वस्तीतला किंवा पारध्यांच्या पालावरचा पोरगा उचलला गेला तर तितकेच बोलतो का?

आणि हजरत यूसुफ. खोट्या आरोपाखाली ते कैदेत राहिले. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगितल्यावर सुटकेचा निरोप घेऊन माणूस आला. दुसरा कुणी असता तर धावत बाहेर पडला असता. यूसुफनी निरोप्याला परत पाठवले आणि ज्या स्त्रियांनी आपले हात कापून घेतले होते त्यांची आधी चौकशी करा म्हणून सांगितले. चौकशी झाली, अजीजच्या पत्नीने खरे काय ते कबूल केले, आणि मगच ते बाहेर आले. नुसते दार उघडणे त्यांना पुरेसे वाटले नाही. ज्या नोंदीने त्यांना आत टाकले होते ती दुरुस्त व्हायला हवी होती, तीही सर्वांसमक्ष. जामिनावर सुटणे वेगळे आणि निष्कलंक ठरणे वेगळे, हा फरक यूसुफच्या किश्श्याइतका स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेला नाही.

यावर कुणी विचारील, मग कुणाची चौकशी करायचीच नाही का? मुलीसाठी स्थळ आले, शाळेच्या मुलांना ने-आण करणारा गाडीवाला ठेवायचा आहे, तर डोळे मिटून विश्वास टाकायचा? नाही. फातिमा बिन्त कैस यांनी दोन स्थळांबद्दल सल्ला विचारला तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी दोघांतले दोष मोकळेपणाने सांगितले होते. गरजेपुरती चौकशी तजस्सुसमध्ये मोडत नाही. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर ती शाळेची जबाबदारीच आहे. पण चौकशी करणाऱ्याने ती शेवटपर्यंत करावी. अटकेची नोंद पाहिली, तर निकालही पाहावा. आणि कळले ते कामापुरते वापरावे, चौकात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर वाटू नये. कायदाही काही ठिकाणी पडदा ठेवतोच. अल्पवयीन मुलाची किंवा अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पडदा आणि इन्साफ यांत वैर नाही, हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे.

तेव्हा मागणी नोंद बंद करण्याची नसावी. नोंद बंद झाली तर पहिला फटका गरिबाच्या आईलाच बसेल. मागणी नोंद पूर्ण करण्याची असावी. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फलकावर परत यावे. ज्या यादीत अटक दिसते त्याच यादीत, त्याच नावापुढे, जामीन, दोषमुक्ती आणि निर्दोष सुटका यांचा रकाना असावा. आज कलम ३७ मध्ये तो सांगितलेला नाही. पोलिसांची यादी एका दारी आणि न्यायालयाचा निकाल दुसऱ्या दारी, अशा स्थितीत सामान्य माणूस पहिल्याच दारावरून परत फिरतो.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले तरी आपण करावे. मुलगा पकडला गेला त्या दिवशी जमातीत, अंजुमनमध्ये, पानाच्या टपरीवर त्याचे नाव घेतले जाते. तो निर्दोष सुटेल त्या जुम्म्याला नमाजनंतर त्याच जमातीत त्याचे नाव घेऊन ते सांगितले जावे. ज्या वर्तमानपत्राने अटक छापली, त्याला निकालाची प्रत जोडून पत्र लिहावे. ज्या मालकाने कामावरून काढले, त्याच्याकडे मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी ती प्रत घेऊन जावे. यूसुफना बादशहाच्या दरबारात स्वतःची चौकशी मागता आली, पण आमच्या गल्लीतल्या पोराला तो दरबार मिळत नाही. त्याच्या वतीने निरोप घेऊन जाणारे कुणीतरी लागते.